कालप्रवासाच्या कथेत पात्राला पॅराडॉक्सपासून कवच कसं द्यायचं? नव्या लेखकांसाठी पायरी-पायरीने

गोव्यात मराठी नाटक लिहिणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. समोर बसलेला प्रेक्षक वर आणि शाप कोळून प्यायलेला असतो. जत्रेच्या रात्री पहाटेपर्यंत पौराणिक नाटकं बघत मोठा झालेला माणूस हिरण्यकशिपूचा वर घडाघडा सांगतो आणि तो कुठे फसला तेही सांगतो. अशा माणसासमोर तुम्ही टाइम ट्रॅव्हलची एकांकिका ठेवलीत, नायिकेने भूतकाळात जाऊन स्वतःच्याच आजीचं लग्न मोडलं आणि तरी ती रंगमंचावर धडधाकट उभी राहिली, तर पडदा पडायच्या आत प्रश्न येतो : "ही जन्मलीच नाही, तर आली कोण?" कालप्रवासातून उभा राहणारा असा न सुटणारा तर्काचा पेच म्हणजे पॅराडॉक्स.

"तिला काही होत नाही" एवढं उत्तर पुरत नाही. का होत नाही, कुठवर होत नाही आणि कधी होऊ शकतं, हे तिन्ही सांगावं लागतं.

हा लेख त्यासाठी आहे. अशा संहिता मी लिहिल्या आहेत, दुसऱ्यांच्या वाचल्या आहेत, तालमीत त्यांची चिरफाड होताना बघितली आहे. एकांकिका, कथा, वेबमालिका, मित्रांत खेळायचा गेम, काहीही लिहीत असाल तरी पायऱ्या त्याच. काळाच्या उलथापालथीतून पात्र ज्यामुळे वाचतं, त्याला मी इथे सरळ 'कवच' म्हणतो.

आधी हे जवळ ठेवा

- रेघांची वही आणि दोन रंगांची पेनं. संगणकावरची तक्ता-फाइलही चालेल, पण तालमीत वहीच हाती येते.
- ज्या सालात पात्र जाणार त्या सालची दिनदर्शिका आणि पंचांग. गोवा मुक्त झाला त्या १९ डिसेंबर १९६१ ला मंगळवार होता, जनमत कौलाच्या दिवशी म्हणजे गोवा महाराष्ट्रात जावा की नाही यावर मतदान झालं त्या १६ जानेवारी १९६७ ला सोमवार. तुमच्या नाटकात त्या दिवशी शाळेला रविवारची सुट्टी असेल तर कुणीतरी आजोबा तुम्हाला नक्की गाठणार.
- त्या काळातली वर्तमानपत्रं. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जा. पोर्तुगीज अमदानीत १८३२ साली सुरू झालेली ही संस्था जुन्या गोव्याबद्दल काही शोधायचं असेल तर पहिला थांबा आहे.
- घरातली किंवा वाड्यावरची वयस्क माणसं. पेजेचं भांडं कसलं होतं, फेरीचं तिकीट कोण फाडायचं, हे ग्रंथालयात सापडत नाही.
- एक शंकेखोर वाचक. शक्यतो ज्याला विज्ञानकथा आवडत नाहीत असा.

दिनदर्शिकेचा आणि कवचाचा काय संबंध, असं वाटेल. संबंध विश्वासाचा आहे. पात्र १९६० च्या पणजीत 'गोमन्तक' वाचत बसलं (तो निघाला १९६२ साली), किंवा १९५६ साली कॅसलरॉकवरून आगगाडीने आरामात मडगावला उतरलं (भारताने नाकेबंदी करून ती वाट १९५५ मध्येच बंद केली होती), तर प्रेक्षक मनात म्हणतो, याला साधं साल सांभाळता येत नाही. मग तुमच्या कवचाचे नियम तो कशाला ऐकून घेईल? पंचांग विशेष करून लग्नाच्या प्रसंगासाठी हवं. अधिक महिन्यात किंवा चातुर्मासात हिंदू घरात लग्न लावून ठेवणारे लेखक मी पाहिले आहेत, आणि कालप्रवासाच्या गोष्टीत लग्न हमखास असतंच.

## १. काळाचा स्वभाव ठरवा

कवच कसलं द्यायचं ते नंतर. आधी तुमच्या गोष्टीतला काळ कसा वागतो ते ठरवा, कारण तीनपैकी दोन प्रकारांत कवच लागतच नाही.

न बदलणारा काळ. जे झालं ते झालं. तुम्ही मागे गेलात तरी तुमचं जाणं आधीपासून इतिहासात जमा आहे. रशियन भौतिकशास्त्रज्ञ इगोर नोविकोव यांनी १९८० च्या दशकात मांडलेलं स्वसुसंगतीचं तत्त्व हेच सांगतं : विसंगती निर्माण करणारी घटना घडण्याची शक्यता शून्य. यावर जोसेफ पोल्चिन्स्की यांनी एक मजेदार कोडं टाकलं होतं. बिलियर्ड्सचा चेंडू काळाच्या बोगद्यात शिरतो, थोडा आधीच्या वेळी बाहेर पडतो आणि बोगद्याकडे निघालेल्या स्वतःलाच धडकून वाटेवरून उडवतो. मग तो आत गेलाच कसा? किप थॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवलं की याच मांडणीला सुसंगत उत्तरं आहेत. चेंडू स्वतःला जोरात धडकत नाही, निसटता घासतो. त्या घासण्याने वाट जराशी बदलते, आणि जराशी वाट बदललेला चेंडूच पुढे निसटता घासणारा ठरतो.

लेखकासाठी हे सोनं आहे. आजीचं लग्न मोडायला गेलेल्या नातीमुळेच ते लग्न जमतं, अशी गोष्ट या काळात बसते. पण कवच? इथे ते सगळ्यांनाच आहे, डासालाही आहे. एकट्या नायिकेला 'खास' कवच दिलंत तर ते भर पावसात पाणी शिंपडल्यासारखं होईल.

शाखांचा काळ. मागे जाऊन काही बदललं की नवी फांदी फुटते. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड डॉइच यांनी १९९१ मध्ये पुंजयामिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) अंगाने यावर लिहिलं. तुम्ही ज्या आजोबांचं लग्न मोडलंत ते या फांदीवरचे. तुमचे आजोबा मूळ फांदीवर सुखरूप आहेत, म्हणून तुम्हीही आहात. कवच फुकटात मिळालं. अडचण वेगळीच उभी राहते : मग धोका कसला? इथे घरी परत जाता येत नाही हेच दुःख ठेवावं लागतं.

बदलणारा काळ. रेषा एकच, ती खोडता येते, पुन्हा लिहिता येते. नाटकाला सर्वांत रंगतदार, तर्काला सर्वांत अवघड. कवचाची खरी गरज इथे. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच काळासाठी आहेत.

एक सूट सांगून ठेवतो. तुमचं पात्र फक्त पुढेच जात असेल तर हा लेख इथेच मिटा. राजा ककुद्मी आपल्या मुलीसाठी, रेवतीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकात गेला, तिथे क्षणभर थांबला आणि खाली आला तर सत्तावीस चतुर्युगं उलटलेली. मनातले सगळे वर केव्हाच गेलेले, म्हणून रेवती बलरामाला दिली. भागवतातली ही गोष्ट चोख आहे, एकही पॅराडॉक्स नाही. पुढे जाणं विज्ञानालाही मान्य आहे. १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग यांनी आण्विक घड्याळं प्रवासी विमानांतून जगभर फिरवून आणली, तेव्हा जमिनीवरच्या घड्याळांशी त्यांचा फरक पडला, नॅनोसेकंदांचा का होईना.

## २. कशापासून वाचवायचंय ते लिहा

"पॅराडॉक्सपासून" हे उत्तर फार मोघम. तीन वेगळे आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं.

*आजोबांचा.* पूर्वजाच्या आड आलात की तुम्ही उरत नाही. फ्रेंच लेखक रने बार्जावेल यांनी १९४३ साली हा कादंबरीत ठळकपणे मांडला, तेव्हापासून तो सर्वांत प्रसिद्ध.

*उगम नसलेल्या वस्तूचा.* समजा तुम्ही एका गाजलेल्या नाटकाची वही घेऊन ते लिहिलं जाण्याआधीच्या काळात गेलात आणि नाटककाराला दिलीत. त्याने ती उतरून काढली, नाटक गाजलं, छापलं गेलं, पुढे ते तुमच्या हाती आलं. पदं रचली कोणी? कोणीच नाही. इथे माणूस धोक्यात नाही, वस्तूच अधांतरी आहे. वहीचा कागद तर दर फेरीला आणखी जुना व्हायला हवा!

*कारण संपण्याचा.* १९८६ च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला. नायक आदल्या दिवशी जाऊन वाहतूक थांबवतो, दुरुस्ती होते, पूल उभा राहतो. मग कोसळलाच नाही तर नायक निघाला कशासाठी? नवशिक्यांच्या संहितेत हा सर्वांत जास्त सापडतो आणि सर्वांत कमी लक्षात येतो. सगळं लक्ष आजोबांकडे असतं ना.

यातल्या कोणत्या पॅराडॉक्सवर तुमचं कवच चालतं, ते एका ओळीत वहीत लिहा. तिन्हींवर चालतं असं लिहायचा मोह होईल, तो आवरा.

## ३. कवच नेमकं कशावर बसतं?

बहुतेक गोष्टी इथे फसतात, म्हणून इथे जरा बैठक मारू.

'पात्र वाचलं' असं आपण म्हणतो तेव्हा त्यात चार गोष्टी मिसळलेल्या असतात : देह, आठवण, जवळच्या वस्तू, आणि जगातली जागा. जागा म्हणजे नाती, नोंदी, लोकांच्या मनातलं तुमचं असणं. प्रत्येकावर कवच वेगळं बसवता येतं.

उदाहरणाला माझ्या एका काल्पनिक मुक्ताला घेऊ. सांगे तालुक्यात साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेलं कुर्डी गाव तुम्हाला माहीत असेल, मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. १९८० च्या दशकात ते बुडालं. दर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की घरांचे चौथरे, विहिरी, सोमेश्वराचं देऊळ वर येतं, आणि दुसरीकडे वसवलेले गावकरी मे महिन्यात तिथे जमतात. कालप्रवासाचं दार उघडायला यापेक्षा चांगली जागा मला गोव्यात दिसत नाही. तर मुक्ता २०२५ च्या मे महिन्यात आजीच्या पडक्या घराची पायरी चढते आणि १९७२ च्या कुर्डीत उतरते. आजी अठरा वर्षांची, आठवड्यावर लग्न आलेलं. मुक्ताच्या एका वाक्याने आजीचं मन फिरतं, लग्न मोडतं. १९७४ मध्ये जन्मायची ती आई जन्मत नाही, म्हणजे २००० साली मुक्ताही नाही.

आता एकेक कवच लावून बघा.

फक्त देहावर. मुक्ता नाहीशी होत नाही, पण तिला मुक्ता असल्याचं आठवत नाही. जन्मलेलीच नाही त्या मुलीच्या आठवणी कुठून असणार? कुर्डीच्या वाटेवर पंचवीस वर्षांची एक मुलगी उभी आहे, विचित्र कपड्यांत, नाव विचारलं तर सांगता येत नाही. भयाण आहे आणि लिहायला सुंदर आहे. पण तिचा देह आईशिवाय कसा घडला याचं उत्तर एका वाक्यात तरी द्यावं लागेल.

फक्त आठवणीवर. मुक्ता जाते, तिच्या आठवणी राहतात. कुणाच्या डोक्यात? हे न सांगता सुटका नाही. एक वाट अशी : आजी दुसऱ्याशी लग्न करते, तिची दुसरीच नात एके दिवशी उठते ती मुक्ताच्या आठवणी घेऊन. मेजावरच्या फोटोतली आई तिला परकी वाटते. मला हा प्रकार कथेत आवडतो. रंगमंचावर जड जातो, कारण नटी बदलावी लागते आणि तिसऱ्या रांगेतल्या मावशी शेजारणीला विचारतात, "ही नवी कोण गो?"

फक्त वस्तूंवर. पिशवी राहिली, मुक्ता नाही. विहिरीच्या काठावर आधार कार्ड पडलंय, त्यावर जे बाबा कधी मुक्ताचे झालेच नाहीत त्यांचं नाव. मोबाइलवर घेतलेले फोटो राहिले की पुसले गेले? 'वस्तू वाचली पण आतला मजकूर बदलला' ही पळवाट नवे लेखक सोयीप्रमाणे वापरतात : पहिल्या प्रवेशात फोटो पुसट होतो, तिसऱ्यात पत्र जसंच्या तसं राहतं. एकच नियम ठेवा. कागद आणि त्यावरची शाई दोन्ही वाचतात, किंवा दोन्ही जातात.

जगातल्या जागेवर. हे चौथं देऊ नका. ते दिलं की मुक्ता परत येते तेव्हा सगळे तिला ओळखतात, घर आहे, नोकरी आहे, कुर्डीकरांना वसवलं त्या वालकिणीतले शेजारी हाक मारतात. मग झालं काय? काहीच नाही. उलट, हे कवच काढून घेतल्यावर जे घडतं त्यातच तुमचा दुसरा अंक दडलेला आहे. जन्मनोंदणीच्या पुस्तकात तिचं नाव नाही, त्या क्रमांकावर दुसऱ्याच मुलाची नोंद आहे. बँकेत खातं नाही. आजी जिवंत आहे, चुलीपाशी बसली आहे, आणि दारात आलेल्या पोरीला परक्या माणसासारखी चहा विचारते.

माझा कल सांगायचा तर देह आणि आठवण ही जोडी द्या, बाकी दोन काढून घ्या. पात्र उभं राहतं, त्याला सगळं आठवतं, आणि त्याच्या आठवणीला जगात एकही पुरावा नाही. जयंत नारळीकरांनी पानिपतवरच्या आपल्या कथेत दुसरी जोडी निवडली होती : प्राध्यापकाला दुसऱ्या इतिहासाची आठवण आहे आणि खिशात त्या इतिहासातल्या पुस्तकाचं फाटकं पान. तिथे पानाला महत्त्व आहे, कारण त्याचं म्हणणं दुसऱ्याला पटवायचंय. तुमच्या पात्राला कुणाला काही पटवायचंय का? असेल तरच वस्तू वाचवा.

## ४. कवच आलं कुठून?

रूढ वाटा चार आहेत.

*जागेमुळे.* बदल घडला त्या क्षणी पात्र काळाच्या बाहेर होतं, यंत्रात, दारात, पायरीवर. सर्वांत स्वच्छ. रंगमंचावर एका प्रकाशाच्या गोलात दाखवता येतं.

*वस्तूमुळे.* ताईत, अंगठी, घड्याळ. हरवता येतं, चोरता येतं, त्यामुळे नाट्य भरपूर. फक्त तो ताईत भविष्यातून आणून भूतकाळात ठेवलेला नाही ना हे बघा. नाहीतर दुसऱ्या पायरीतला उगम नसलेल्या वस्तूचा घोळ मागच्या दाराने आत येतो.

*सवयीमुळे.* इतक्या फेऱ्या झाल्या की काळाचं काही चालत नाही. कादंबरीत ठीक. तासाभराच्या एकांकिकेत ही सवय लागायला वेळच नाही.

*जन्मामुळे.* 'ती वेगळीच आहे', 'तिची निवड झाली आहे'. शक्यतो टाळा. जिचा जन्मच रद्द झाला तिला जन्मामुळे कवच, हे ऐकूनच माझं डोकं दुखतं.

इथला मोठा खड्डा म्हणजे चिरंजीव आणि कवचधारी यांची गल्लत. गोव्यातल्या लेखकाच्या हातून ती सहज होते, कारण भूमीच परशुरामाची. एका संहितेत परशुरामाला काही होत नाही 'कारण तो चिरंजीव आहे' असं लिहिलेलं मी वाचलं. चिरंजीवाला मरण नाही, एवढंच. अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, विभीषण, कृप, परशुराम, सातही जणांचा जन्म झाला आहे. जन्मच टळला तर न मरण्याचा वर कुणाला लागू होणार? अमरत्व पुढच्या टोकाचा बंदोबस्त करतं, आजोबांचा पॅराडॉक्स मागच्या टोकाला घाव घालतो. दोन्ही बाजू बंद करायच्या असतील तर दोन वेगळी वाक्यं लिहा.

## ५. वराच्या भाषेत लिहून काढा

आपल्याकडे कवचाची व्याख्या करायची पद्धत तयार आहे आणि ती कुठल्याही आधुनिक नियमावलीपेक्षा कडक आहे. हिरण्यकशिपूने मागितलं ते आठवा : माणसाकडून नाही, पशूकडून नाही, दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, जमिनीवर नाही, आकाशात नाही, शस्त्राने नाही. प्रत्येक कलम नेमकं, आणि नृसिंह प्रत्येक कलम पाळून येतो. संध्याकाळ, उंबरठा, मांडी, नखं. वर मोडला नाही, फक्त त्याच्या कडा सापडल्या. म्हणूनच कुणाला फसवल्यासारखं वाटत नाही.

तुमच्या कवचाचं असंच एक वाक्य करा. साचा असा :

अमक्याला, अमुक ठिकाणी किंवा अमुक वस्तू जवळ असताना, अमुक पॅराडॉक्समुळे, अमुक गोष्टीला बाधा होणार नाही. मात्र अमुक झालं की हे संपेल. आणि दर वापराला अमुक द्यावं लागेल.

मुक्तासाठी मी लिहिलेलं वाक्य : "घराच्या पायरीवर पाय असताना झालेल्या कुठल्याही बदलाने मुक्ताचा देह आणि तिची आठवण पुसली जाणार नाही, मात्र पायरी पुन्हा पाण्याखाली गेली की संपेल, आणि प्रत्येक बदलाला तिच्या मूळ आयुष्यातलं एक माणूस तिच्या आठवणीतून जाईल."

यात मर्यादा जागेची आहे (पायरी), वेळेची आहे (पावसाळा आला की धरण भरणार), आणि किंमतही आहे. पावसाळा ही मर्यादा मला फुकटात मिळाली, कुर्डीनेच दिली. तुमच्या कथेच्या जागेतही अशी काहीतरी घड्याळासारखी गोष्ट असेलच, भरती-ओहोटी, फेरीची शेवटची खेप, जत्रेची पालखी देवळात परतण्याची वेळ. बाहेरून नियम आणण्यापेक्षा ती वापरा.

किंमत ठरवताना एकच पथ्य पाळा : ती पात्राला बोचली पाहिजे. 'थकवा येतो', 'नाकातून रक्त येतं' या किमती इतक्या वापरून झाल्या आहेत की प्रेक्षक त्यांना दाद देत नाही. नाकातलं रक्त तर रंगभूषाकारालाही नको असतं.

वाक्य केव्हा सांगायचं? पहिला बदल घडायच्या आधी. दुर्योधनाचं सगळं शरीर वज्राचं होतं, मांडी सोडून. ही कथा सांगणारा गदायुद्धाच्या आधीच मांडीचं सांगून ठेवतो, म्हणून भीमाचा घाव बसतो तेव्हा अंगावर काटा येतो. कवचाचं कलम घाव बसल्यावर सांगितलंत तर प्रेक्षक त्याला चलाखी समजतो, आणि त्याचं बरोबर असतं. सगळं वाक्य एका दमात कुणाच्या तोंडी घालायची गरज नाही. मर्यादा एका संवादात, किंमत दुसऱ्या कृतीत, असं विभागा. पण वहीत ते सलग असलं पाहिजे आणि मध्येच बदलायचं नाही.

## ६. कवच नसलेल्यांना काय दिसतं?

हे पटकन उरकता येतं. बदल झाला की बाकीच्यांना काही जाणवत नाही, त्यांच्या लेखी आधीपासून असंच होतं. त्यांनी दचकायचं नाही, 'काहीतरी विसरल्यासारखं वाटतंय' म्हणायचं नाही. तसं म्हणाले तर त्यांनाही थोडं कवच आहे असा अर्थ होतो आणि मग त्यांचंही वाक्य लिहा.

बदल लगेच पोचतो की हळूहळू, तेही इथेच ठरवा. हळूहळू पोचत असेल तर वेग एकच ठेवा. नायिकेसाठी तीन दिवस आणि खलनायकासाठी तीन सेकंद, असं चालत नाही.

## ७. दोन रकान्यांची वही

डाव्या रकान्यात दिनदर्शिकेचा काळ, उजव्यात पात्राचा स्वतःचा काळ. मुक्ताच्या वहीची सुरुवात अशी :

- शनिवार, १० मे २०२५, कुर्डी. मुक्ताचा पहिला दिवस. आठवण पूर्ण. आजीचं लग्न झालेलं.
- बुधवार, २४ मे १९७२, कुर्डी. मुक्ताचा पहिलाच दिवस, संध्याकाळ. आजीशी बोलणं.
- शनिवार, १० मे २०२५, पुन्हा. मुक्ताचा दुसरा दिवस. आईचा चेहरा आठवत नाही. फोन फोटोंसकट गेलेला.

दर ओळीखाली दुसऱ्या रंगाने चार खुणा करा : देह, आठवण, वस्तू, जागा. काय आहे, काय गेलं. एखादी खूण आधी 'गेली' आणि तीन ओळींनी आपोआप 'आहे' झाली, की चूक तिथे आहे. गोष्ट उलटसुलट क्रमाने सांगणार असाल तरी वही पात्राच्या काळाप्रमाणेच भरा. प्रवेशांच्या क्रमाने भरलेली वही काही उपयोगाची नाही.

## ८. दोन कवचधारी समोरासमोर आले तर

चार-पाच जण मिळून एकाच जगातल्या कथा लिहीत असाल तर भांडण इथे होतं. माझ्या पात्राला तुझं पात्र पुसू शकत नाही, तुझ्याला माझं. मग कुणाचं कवच भारी? उत्तर 'भारी' या मापाने शोधू नका. दोघांची वाक्यं शेजारी ठेवा आणि देह, आठवण, वस्तू, जागा या चार खुणा ताडून बघा.

समजा मुक्ताला देह-आठवणीचं कवच आहे आणि दुसऱ्या लेखकाच्या भिकूला आठवण-वस्तूंचं. भिकूने मुक्ताच्या आजोळी ढवळाढवळ केली तर मुक्ता राहते, पण भिकूकडच्या वहीत तिच्याबद्दल लिहिलेलंही राहतं. म्हणजे जगात तिची नोंद असलेला एकमेव कागद तिच्या शत्रूकडे आहे. हे कुणाच्याही कवचाला धक्का न लावता आपसूक मिळालं.

सामायिक जगासाठी पायऱ्यांची उतरंड हवीच असेल तर एवढी पुरे : काहीच नाही, आठवण राहते, देह राहतो, दोन्ही राहतात, स्वतःच्या नाहीशा होण्यालाही कारण लागत नाही. शेवटची पायरी कुणालाही देऊ नका, गाव राखणाऱ्या देवचारालाही नाही. ती एकदा दिली की त्या पात्राला कुठल्याच प्रसंगात काही गमवावं लागत नाही, आणि बाकीचे लेखक हळूहळू त्याच्या प्रवेशाला चहा प्यायला बाहेर जाऊ लागतात. असं पात्र आधीच लिहून बसला असाल तर त्याला साक्षीदार करा, बघू दे सगळं, हात लावू देऊ नका.

## ९. तालमीआधीची चाचणी

शंकेखोर वाचकाला संहिता द्या, वही देऊ नका. वाचून झाल्यावर विचारा : हिला काय होत नाही? ते कशामुळे? केव्हा होऊ शकेल? उत्तरं तुमच्या वाक्याशी जुळली तर पुढे जा. "जादू आहे बहुतेक" असं आलं तर चौथी पायरी कच्ची आहे. "हिला काहीच होऊ शकत नाही" आलं तर पाचवी. तो काहीच न बोलता दुसऱ्या अंकाबद्दल बोलायला लागला तर वाक्यात हात घालू नका, ते काम करतंय.

नाटक असेल तर आणखी दोन गोष्टी. दोन काळांतली एकच व्यक्ती एकाच वेळी रंगमंचावर आणायचा हट्ट धरू नका. जत्रेच्या मंडपात विंगा अरुंद असतात आणि कपडे बदलायला वेळ मिळत नाही, एकीचा आवाज आतून आला तरी भागतं. आणि कवच चालू आहे की संपलं हे दाखवायला एकच खूण ठरवून ती वेशभूषेत ठेवा, प्रकाशात नव्हे. मुक्ताच्या गळ्यातली ओढणी पायरीवर असेपर्यंत खांद्यावर, उतरली की हातात. मंडपातली वीज कधीही जाते.